साडेपाच किलो समुद्र

मे महिन्यात लातूरला तीन फुटी फिशटँकमधलं पाणी दिवसाला बोटाच्या अर्ध्या पेराएवढं उतरतं. टाकीत गोल्डफिश असतील तर आपण सकाळी चार तांबे पाणी ओततो आणि कामाला लागतो. टाकीत खारं पाणी असेल तर मात्र त्या अर्ध्या पेरावरच सगळं अवलंबून असतं. उडून जातं ते निव्वळ पाणी. मीठ सगळंच्या सगळं मागं राहतं. पाच दिवस कुणी लक्ष दिलं नाही तर १५० लिटरचे १३० लिटर होतात आणि लिटरमागं ३५ ग्रॅम असलेला क्षार ४० ग्रॅमच्या पुढं जातो. खऱ्या समुद्रातूनही रोज अफाट पाणी उडून जातं, पण पाऊस आणि नद्या ते परत आणून घालतात. टाकीत गोदावरीचं काम आपल्यालाच करावं लागतं.

माझी एक टाकी लातूरला घरी आहे, दुसरी नांदेडला धाकट्या बहिणीकडं. दोन्ही टाक्या आधी गोड्या पाण्याच्या होत्या. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, काळ्या दगडाच्या या मुलखात खाऱ्या पाण्याचे मासे जगवता येतात, हे मी अनुभवावरून सांगतो. मात्र त्यासाठी टाकीत मीठ टाकणं ही सगळ्यात सोपी पायरी आहे. बाकीचं काम पाण्याचं, उन्हाचं आणि धीराचं आहे.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या उंबऱ्याशीच समुद्र होता; १९५१ साली ते मरीन ड्राइव्हवर सुरू झालं. पण समुद्रापासून दूर समुद्र उभा करायची खटपट त्याच्याही शंभर वर्षं आधीची आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, तेव्हा खारं पाणी किनाऱ्यावरून वाहून आणावं लागे. त्या कामात गुंतलेल्या फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकानं १८५४च्या सुमारास घरीच समुद्राचं पाणी बनवण्याची कृती मांडली: खाण्याचं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, हे चार क्षार ठरावीक प्रमाणात. पुढं ‘चॅलेंजर’ नावाच्या जहाजानं १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने आणले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं त्यांतले ७७ नमुने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडला. पाणी कुठल्याही महासागराचं असो, खारटपणा कमी-जास्त असेल, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखंच असतं. आज ‘मरीन सॉल्ट’ची पिशवी फोडून लातूरच्या बादलीत समुद्र कालवता येतो, तो या एका गोष्टीमुळे.

म्हणूनच किराणा दुकानातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यातल्या ३५ ग्रॅम क्षारांपैकी साधारण २७ ग्रॅम आपलं नेहमीचं मीठ असतं, हे खरं. पण उरलेल्यात सल्फेट आहे, सव्वा ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आहे, ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम, जवळपास तेवढंच पोटॅशियम, आणि पाण्याचा सामू धरून ठेवणारं बायकार्बोनेट आहे. हे नसेल तर ते पाणी खारट होतं, समुद्राचं होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर खारंच आहे, पण तिथं सोडियम कार्बोनेटचं राज्य आहे आणि सामू १०च्या घरात. त्या पाण्यात समुद्रातला मासा जगणार नाही. जून २०२०मध्ये ते गुलाबी झालं, तेही अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. समुद्राचा सामू ८.१ ते ८.३ एवढाच असतो आणि मासे त्या अरुंद पट्टीत जगतात.

आता टाकीत आधीपासून असलेल्या माशांचं काय होतं ते बघू. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात खार सुटतो. फोडीतलं पाणी मिठाच्या दिशेनं बाहेर येतं. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त आपल्या सलाइनच्या बाटलीइतकं, लिटरमागं नऊ ग्रॅमच्या आसपास खारट असतं. बाहेरचं पाणी त्याहून पातळ, त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहतं. म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही, आणि पातळ लघवी भरपूर करतो. समुद्रातल्या माशाचं उलटं आहे. त्याच्या अंगातलं पाणी कैरीसारखं बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्रच पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर फेकतो. गोल्डफिशकडं ही यंत्रणाच नाही. त्याच्या टाकीत समुद्र भरला तर त्याची कैरी होते.

दोन्ही कामं करता येणारे मासे आहेत, पण ते थोडे. आपल्याच गोदावरीच्या टोकाला त्यातला सगळ्यात नामांकित आहे. नांदेडच्या घाटावरून गेलेलं पाणी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. तिथून पावसाळ्यात हिलसा मासा अंडी घालायला उलटा नदीत चढतो. राजमहेंद्रीकडं त्याला ‘पुलसा’ म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात. चढताना त्याच्या कल्ल्यांतल्या पेशी मीठ फेकणं थांबवतात आणि मीठ धरून ठेवायला लागतात. दुकानात मिळणारा साधा ब्लॅक मॉलीही काही दिवसांत, हळूहळू खारटपणा वाढवत नेला तर समुद्राच्या पाण्यात राहू शकतो. बाकी एंजल, टेट्रा, गोल्डफिश यांना नवं घर शोधावं लागतं. ओळखीत द्या, दुकानदाराला परत द्या. पण मांजरा, गोदावरी, विष्णुपुरीचं धरण, गावचं तळं, यांत सोडू नका. टाकीतून सुटलेल्या सकर माशानं उजनीत काय करून ठेवलंय ते भीमाकाठच्या कोळ्यांना विचारा. जाळी फाडतो आणि खायलाही कुणी घेत नाही.

जुन्या टाकीतलं काय ठेवायचं? काच ठेवायची, स्टँड ठेवायचा, हीटर ठेवायचा, कारण डिसेंबरच्या रात्री मराठवाड्यात गारठा चांगलाच असतो. रंगीत खडे, लाकडाचे ओंडके, पाणवनस्पती आणि खड्यांखाली बसवलेला फिल्टर काढून टाकायचे. लाकूड पाण्याचा सामू खाली ओढतं. लोखंडी झाकण, बिजागरी, स्क्रू महिन्याभरात गंजतात. एक गोष्ट आठवून बघा: या टाकीत पूर्वी कधी माशांच्या रोगावर निळं औषध घातलं होतं का? अशा काही औषधांत तांबं असतं, ते जुन्या खड्यांत आणि सिलिकॉनच्या सांध्यांत अडकून राहतं. माशाला ते थोडंफार सोसतं. कोळंबी, शंख, खेकडा यांना नाही.

तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर १९० लिटर होते. वाळू, दगड आणि वरचं रिकामं बोटभर सोडलं तर पाणी दीडशे लिटर. पिशवीतल्या क्षारांत थोडा ओलावा असतो, त्यामुळे लिटरला ३७ ग्रॅम धरावेत. म्हणजे पहिल्या भरणीला साडेपाच किलो क्षार लागतो. पुढं आठवड्याला १५ लिटर पाणी बदलायचं, त्याला अर्धा किलोहून थोडा जास्त.

हे दीडशे लिटर पाणी कुठून आणायचं, हा लातूरचा खरा प्रश्न आहे.

१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रात्र-रात्र रांगेत उभे राहिलेले लोक आजही आमच्या गल्लीत आहेत. त्यामुळे पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय मी कुणालाही या छंदाला हो म्हणत नाही. बोअरचं पाणी जड असतं; त्यातले क्षार समुद्राच्या प्रमाणात नसतात आणि नायट्रेटही असू शकतं. नांदेडला नळाला येणाऱ्या गोदावरीच्या पाण्यात तुरटी आणि क्लोरीन असतं. दोन्हीकडं पाणी आरओमधून काढावंच लागतं. घरच्या आरओला चव यावी म्हणून कच्चं पाणी थोडं मिसळणारी किंवा खनिजं परत घालणारी सोय असते, ती बंद करून घ्यावी लागते. टीडीएस मीटरवर आकडा दहाच्या खाली आला की पाणी कामाचं. जारचं पाणी पिण्यासाठी ठीक, टाकीसाठी नाही. त्याचा आकडा तपासून बघा, कळेल.

आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर सोडतो. महिन्याला बदलायचं पाणी ६० लिटर आणि मे महिन्यात उडून जाणाऱ्याची भर १२० लिटर, म्हणजे १८० लिटर शुद्ध पाणी. त्यामागं सुटणारं साडेतीनशे ते पाचशे लिटर पाणी फरशी, भांडी, संडास यांना वापरायची शिस्त घरात असेल तरच हा उद्योग करावा. ज्या घरात उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं, त्या घरानं ही टाकी सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा जूनचं पाणी साठवावं. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यावेत, मग स्लॅबवरचं पाणी कापडातून आणि कोळशाच्या फिल्टरमधून गाळून झाकणाच्या प्लास्टिक पिंपात भरावं. पत्र्यावरचं घेऊ नये, जस्त उतरतं. एसीतून ठिबकणारं पाणीही नको. ते तांब्याच्या नळ्यांवरून आलेलं असतं.

क्षार कालवण्याची रीत साधी आहे. पाण्यात क्षार घालायचा, क्षारावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर कॅल्शियम फुटून पांढरा गाळ बसतो. बादलीत छोटा पंप सोडून पाणी दिवसभर फिरत ठेवायचं. मग मोजायचं. ऊसवाल्यांच्या हातात असतो तो ब्रिक्स मीटर बहुतेकांनी बघितला असेल: काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडं धरून डोळा लावायचा, साखर किती ते कळतं. खारटपणा मोजायचं उपकरण त्याचंच भावंड आहे, फक्त आतली पट्टी वेगळी. पट्टीवर ३५, किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२६, इथं रेघ आली पाहिजे. उन्हानं पाणी उतरलं की भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. इथंच पुष्कळ जण चुकतात. खाऱ्या टाकीत खारंच पाणी घालायचं असं त्यांना वाटतं, आणि महिन्याभरात टाकीचं मिठागर होतं.

समुद्र भरून झाला, वाळू घातली, पाणी स्वच्छ दिसतंय, आता मासे आणू या, असं मन म्हणतं. थांबा. अजून चार ते सहा आठवडे आहेत.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची फारशी गरज पडत नाही. युरिया टाकला की पीक तो तसाच खात नाही. जमिनीत त्याचा अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि मुळं मुख्यतः नायट्रेट उचलतात. टाकीतही नेमकं हेच घडतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि वाळूत, दगडात, फिल्टरमध्ये वसलेले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. फरक एवढाच की टाकीत पीक नसतं, म्हणून साठलेलं नायट्रेट पाणी बदलून काढावं लागतं. जुन्या टाकीतले जिवाणू गोड्या पाण्याला सरावलेले असतात. एकदम समुद्र भरला की त्यांचं काम बंद पडतं, आणि खाऱ्या पाण्यात वाढणारी वसाहत नव्यानं बसायला वेळ लागतो. म्हणून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि तपासणीच्या संचानं मोजत राहायचं. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी जिवंत झाली.

घाई केली तर खाऱ्या पाण्यात शिक्षा मोठी आहे. अमोनियाचा विषारी भाग सामूवर ठरतो. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात शंभरातला एक भागही विषारी नसतो, ८.२च्या समुद्रात सहा-सात भाग असतो. गोल्डफिशनं जी चूक पचवली असती ती इथं पचत नाही.

साफसफाईसाठी एक यंत्र इथं चालतं जे गोड्या पाण्यात चालत नाही, ते म्हणजे स्किमर. गुऱ्हाळात रस उकळताना गुळव्या झाऱ्यानं मळी काढत असतो, ते डोळ्यांसमोर आणा. स्किमरच्या नळीत पंप हवेचे बारीक-बारीक बुडबुडे सोडतो, पाण्यातला चिकट सेंद्रिय मळ त्यांना बिलगतो आणि फेस होऊन वरच्या पेल्यात जमतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून फेस धरतो. दोन दिवसांनी तो पेला ओतताना वास येतो तेव्हा कळतं, एरवी हे सगळं टाकीत कुजलं असतं.

आता ऊन. समुद्री माशांना २४ ते २७ अंश मानवतात आणि नांदेडचा मे ४२च्या पुढं जातो. चिलर महाग आहे आणि वीज खातो. पण आपल्या कोरड्या हवेचा एक मोठा उपयोग आहे, तो मुंबईकरांना नाही. माठ गार का होतो? पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते भरभर उडतं. टाकीवरचं काचेचं झाकण काढून जाळी बसवली आणि पाण्यावर तिरका छोटा पंखा सोडला की पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. टाकी पश्चिमेच्या भिंतीला नको, घरातल्या सगळ्यात गार खोलीत हवी. अर्थात माठासारखीच किंमत मोजावी लागते: गारवा हवा तर पाणी उडणार, आणि सकाळी आरओचे चार तांबे घालावेच लागणार.

उन्हाइतकीच लाईट महत्त्वाची; ती गेली की पंप थांबतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागं आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात पावणेसात, आणि पाणी तापलं की आणखी कमी. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी पाच तास लाईट नव्हती, मी बाहेरगावी होतो, आणि परत आलो तेव्हा माझे दोन मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून मेलेले होते. पुष्कळ दिवस मला त्या टाकीकडं बघवलं नाही. आता पंप इन्व्हर्टरवर आहे आणि लाईट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवेचा पंप वेगळा आहे. ज्यांच्याकडं ही सोय नाही त्यांनी ती आधी करावी, मासे नंतर. वायरलाही टाकीच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे खारं पाणी वायरीवरून ओघळत बोर्डात जाणार नाही.

टाकीत दगड लागतातच. जिवाणूंचं गाव तिथंच वसतं. परदेशी चित्रफितींत त्यासाठी समुद्रातून काढलेले प्रवाळाचे खडक दाखवतात. आपल्याकडं ते करू नये. भित्तिप्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. तेव्हा वाघाला जे संरक्षण होतं तेच त्यांनाही मिळालं. मालवणच्या सहलीतून आठवण म्हणून उचललेला प्रवाळाचा तुकडाही गुन्हा ठरू शकतो. सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड मिळतात, त्यांत जिवाणू तितकेच आनंदानं राहतात, फक्त थोडा वेळ घेतात. मराठवाड्यातली टाकी माशांचीच असावी. प्रवाळ आपल्या उन्हात, आपल्या विजेवर जगवणं कठीण, आणि मेलं तर भरून न येणारं.

माशांतही निवड आहे. दुकानातले बहुतेक समुद्री मासे खडकांतून पकडून आणलेले असतात, आग्नेय आशियात काही ठिकाणी सायनाइड फवारून. निळा टँग, ज्याला मुलं ‘डोरी’ म्हणून ओळखतात, फूटभर वाढतो आणि तीन फुटी टाकी त्याला कोंडवाडा आहे. पण डोरी असलेल्या २००३च्या चित्रपटातला दुसरा मासा, निमो, म्हणजे क्लाउनफिश, हौदात जन्मलेला मिळू शकतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडं विकसित केलं आणि नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही अशी पैदास होते. दुकानदाराला विचारायचं: हौदातला आहे की पकडलेला? त्याला सांगता येत नसेल तर घेऊ नये. हौदातला क्लाउनफिश कोरडं खाद्य खातो, समुद्रफुलाशिवाय राहतो, आणि दीडशे लिटरमध्ये एक जोडी सुखानं नांदते.

जोडी म्हणजे दोन लहान मासे आणायचे, इतकंच. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात. एकत्र राहिले की त्यातला जोरकस वाढतो आणि मादी होतो. नांदेडच्या टाकीत भाचीनं हे वर्षभर वहीत नोंदवलं. कोण कुणाला ढकलतो, कोण आधी खातो, कोण किती वाढला. आठव्या महिन्यात मोठा कोण याबद्दल शंका उरली नाही.

शेवटी त्या १५ लिटरचं, जे दर आठवड्याला टाकीतून काढतो. मे महिन्यात परसातली जास्वंद माना टाकून उभी असते आणि बादलीभर पाणी मोरीत ओतताना हात अडखळतो. पण त्या बादलीत अर्धा किलो क्षार आहे. आपल्या काळ्या जमिनी आधीच कालव्याच्या आणि बोअरच्या अतिपाण्यानं ठिकठिकाणी खारवट आणि चोपण झाल्या आहेत. एकदा चोपण झालेल्या मातीत पाणी मुरतच नाही. म्हणून ते मोरीतच जातं. जास्वंदीला तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घालायचं.